आपली वही आपल्या हाती
(कुटुंबाचा जमाखर्च आणि कर्जमुक्ती : एक अभ्यास)

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की आमच्या हजेरीपटावर काही नावांपुढे गैरहजेरीची खूण पडू लागते. पहिला आठवडा आम्ही वाट पाहतो. दुसऱ्या आठवड्यात फोन होतात. तिसऱ्या आठवड्यात आमच्यापैकी कोणीतरी त्या वाडीवर जाऊन येतो. एका वर्षी वेल्हे तालुक्यातील, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातील, एका डोंगरवाडीवर आम्ही गेलो तेव्हा घराला बाहेरून कडी होती. नववीतला मुलगा आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर गेला होता. मोठ्या बहिणीच्या लग्नासाठी वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली होती आणि ती फेडण्यास दोन माणसांचे हात पुरे पडत नव्हते. तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही.

तो गणितात चांगला होता. शेकडेवारीची उदाहरणे तो फळ्यावर झरझर सोडवीत असे. परंतु घरी घेतलेल्या उचलीचा हिशेब त्याला कोणी दाखविला नव्हता, आणि तो मागून घ्यावा हे आम्हीही त्याला शिकविले नव्हते. त्या उणिवेची जाणीव हेच या लेखाचे निमित्त आहे. शाळेच्या स्मरणिकेत जमाखर्चाचा विषय काहींना रुक्ष वाटेल. पण ज्या घरांतून आपले विद्यार्थी येतात त्या घरांत शिक्षण कोठे थांबते, हे पाहिले तर ते बहुधा कर्जाच्या उंबरठ्यावर थांबते.

वही कोणाची?

आपल्या पुणे जिल्ह्याचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे या बाजारपेठेच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. इतिहासात यास दख्खनचे दंगे म्हणतात. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) आपल्याकडील कापसाला चढा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले, त्यातच सरकारने शेतसारा वाढविला, आणि शेतकरी कचाट्यात सापडला. या उठावात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे, गहाणखते आणि वह्या हिसकावून त्या जाळण्यात आल्या. आपल्या दुःखाचे मूळ त्या कागदांत आहे हे निरक्षर शेतकऱ्याने नेमके ओळखले होते.

पुढे चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. कर्जासाठी शेतकऱ्याला कैद करण्यास त्याने प्रतिबंध केला. कर्जाचा मागील हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयास दिला. भरलेल्या पैशाची पावती मिळण्याचा हक्क ऋणकोस दिला. आजच्या भोर-वेल्ह्याचा बराच भाग तेव्हा पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. १९४८ साली ते विलीन होईपर्यंत इंग्रजी मुलखातील कायदे येथे आपोआप लागू होत नसत.

आणि ज्यांच्याकडे गहाण टाकण्यास जमीनच नव्हती त्यांचे काय? त्यांनी आपले श्रम गहाण टाकले. वतनाच्या नावाखाली गावकामगार म्हणून राबणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या कामाला वेळेची मर्यादा नव्हती आणि बलुत्याला मापाची खात्री नव्हती, कारण दोन्हींची नोंद कोठे नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे काम निश्चित असावे आणि मोबदलाही निश्चित असावा हा आग्रह होता. जे लिहिलेले नाही ते नाकारता येते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

आमच्या लहानपणी आमची आई दाराआडच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढीत असे. दुकानातून उधारीवर आणलेल्या प्रत्येक पायलीला एक रेघ. वर्षाकाठी दुकानदार सांगे तो आकडा आणि तिच्या रेघा यांचा मेळ कधी बसत नसे. ती भांडे, पण निकाल वहीच्या बाजूने लागे. भिंतीची साक्ष कोण मानतो? सुप्याच्या शेतकऱ्यांनी दुसऱ्याची वही जाळली. आमच्या आईला स्वतःची वही नव्हती. आम्हांला सांगावयाचे आहे ते इतकेच : दुसऱ्याची वही जाळून प्रश्न सुटत नाही, आपली वही आपण लिहावी लागते.

धम्मातील गृहस्थाचे अर्थशास्त्र

तथागतांचा धम्म दारिद्र्याचे गोडवे गात नाही. अंगुत्तर निकायातील इण सुत्तात गृहस्थाच्या दुःखाची साखळीच मांडली आहे : दारिद्र्यातून ऋण, ऋणातून व्याज, व्याजातून तगादा, तगाद्यातून पाठलाग आणि शेवटी बंधन. उचल घेतलेल्या कुटुंबाची आजची अवस्था याहून वेगळी नाही. अनाथपिंडिकास उपदेश करताना गृहस्थाची जी चार सुखे सांगितली त्यांत ‘अनण सुख’, म्हणजे ऋण नसल्याचे सुख, स्वतंत्रपणे गणले आहे. संघात उपसंपदा घेणाऱ्यासही जे प्रश्न विचारले जातात त्यांत ‘तू ऋणमुक्त आहेस ना?’ हा एक असतो.

व्यग्घपज्ज सुत्तात मिळकत आणि खर्च यांचा तोल सांभाळणाऱ्या गृहस्थाला तराजू धरणाऱ्याची उपमा दिली आहे. पारडे किती झुकले, किती उचलले, हे त्यास ठाऊक असते. हा तराजू म्हणजेच जमाखर्चाची वही होय. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी, आणि चौथा आपत्तीसाठी राखून ठेवण्याचा. ज्या घरात निम्मी मिळकत पोटावरच खर्च होते तेथे हे प्रमाण जसेच्या तसे बसणार नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु तत्त्व बसते. चौथा भाग मोठा नसला तरी चालेल. तो शून्य असता कामा नये.

बाबासाहेबांनी काढलेले कर्ज

सर्वच कर्ज वाईट असे आमचे म्हणणे नाही. १९२० साली अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या पगारातून साठविलेली रक्कम त्यांच्यापाशी होती आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज होते. लंडनमध्ये ते अर्धपोटी राहून अभ्यास करीत होते आणि इकडे परळच्या चाळीत माता रमाई तुटपुंज्या पैशांत घर चालवीत होत्या. त्या कर्जातून काय उभे राहिले? रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला, डी.एस्सी. आणि बॅरिस्टर या पदव्या मिळाल्या, आणि कोट्यवधी माणसांना वकील मिळाला.

येथे एक कसोटी हाती लागते. जे कर्ज संपल्यानंतरही घरात काही शिल्लक राहते, म्हणजे विद्या, शेळी, शिलाईयंत्र किंवा खाचराचा बांध, ते तारक कर्ज. जे संपण्यापूर्वीच त्यातून आणलेली वस्तू किंवा साजरा केलेला प्रसंग संपलेला असतो, ते मारक कर्ज. कर्ज घेताना ‘हप्ता किती?’ हा प्रश्न आपण विचारतो. त्याआधी ‘शेवटी काय उरेल?’ हा प्रश्न विचारावयास हवा.

व्याजाची शेकडेवारी

आपल्या भागात व्याज ‘शेकडा पाच’ असे तोंडी सांगतात. ऐकावयास पाच हा आकडा लहान वाटतो; पण तो दरमहाचा असतो. वर्षाचा दर ६० टक्के होतो. २०,००० रुपये शेकडा पाचने घेतले तर महिन्याला १,००० रुपये व्याज. वीस महिने हे व्याज इमानेइतबारे भरले तर २०,००० रुपये जातात आणि मूळ मुद्दल जागेवर तशीच उभी असते.

दुसरा प्रकार सरसकट व्याजाचा. १०,००० रुपये, मुदत एक वर्ष, व्याज १२ टक्के; म्हणून ११,२०० रुपयांचे बारा समान हप्ते, प्रत्येकी सुमारे ९३३ रुपये. हे वाजवी भासते. पण पहिल्या महिन्यापासून आपण मुद्दल परत करीत असतो; वर्षभरात आपल्यापाशी सरासरीने निम्म्याच्या आसपास रक्कम असते आणि व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर आकारलेले असते. त्यामुळे खरा दर २१ टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून ‘व्याज घटत्या शिलकेवर की सरसकट?’ हा प्रश्न सही करण्यापूर्वी विचारलाच पाहिजे. सूक्ष्मकर्ज देणाऱ्या संस्थांना एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने असे बंधन घातले आहे की सर्व आकार धरून येणारा वार्षिक दर ऋणकोला समजेल अशा भाषेतील पत्रकावर लिहून द्यावा. ते पत्रक मागून घेणे हा उपकार नव्हे, हक्क आहे.

एका घराचा जमाखर्च

उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ. समजा, भोर तालुक्यातील पाच माणसांचे घर आहे. वडील शिरवळच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहेत, १२,००० रुपये हाती येतात. आई मजुरीला जाते. आवणी-कापणीचे दिवस आणि रिकामे दिवस यांची सरासरी धरून महिना ३,०००. एकूण जमा १५,०००.

आता खर्च. किराणा, भाजी, दूध ५,२००. गॅस व वीज १,१००. प्रवास १,५००. मोबाइल ५००. औषधपाणी ७००. मुलांचे कपडे व शाळा ९००. दोन गटांच्या कर्जांचे हप्ते ३,६००. सण व पैपाहुणे ८००. तंबाखू, मिसरी, टपरीवरचा चहा-वडापाव १,५००. बेरीज १५,८००.

दरमहा ८०० रुपयांची तूट. ती कोणाला दिसत नाही, कारण ती दुकानाच्या उधारीत मुरते. वर्षाला ती ९,६०० होते, आणि मग दिवाळीपूर्वी १०,००० रुपयांचे नवे कर्ज घेतले जाते. ‘दरवर्षी कर्ज का घ्यावे लागते तेच कळत नाही’ असे पालक आम्हांला सांगतात. वही लिहिली की कळते. शेवटच्या कलमातील खर्च निम्मा केला तर ७५० रुपये वाचतात आणि जवळजवळ सारी तूट भरून निघते. दोनपैकी एक कर्ज फिटल्यावर त्याच्या जागी नवे घेतले नाही, तर घर प्रथमच शिलकीत येते.

याचा अर्थ गरीब माणूस उधळ्या आहे असा कोणी काढू नये. ठेकेदारी पद्धतीत कामाची शाश्वती नाही आणि मजुरी अपुरी आहे, हे मूळ दुखणे आहे. त्यासाठी संघटन आणि कायदा यांचाच मार्ग आहे. जमाखर्चाने मजुरी वाढत नाही. पण मिळालेली मजुरी कोणाच्या घरी जाते, हे मात्र त्यातून दिसते. मजुरी वाढवून मागणाऱ्याच्या हातातही अखेर हाच कागद लागतो.

पावसाळ्याची बेगमी

मावळातील आपल्या आज्यांना अंदाजपत्रक हा शब्द माहीत नव्हता, पण बेगमी माहीत होती. मृग लागण्यापूर्वी सरपण, मीठ, मिरची, सुके बोंबील, गोठ्यासाठी पेंढा, सारे घरात भरलेले असे. कारण चार महिने डोंगर उतरता येणार नाही हे त्यांना ठाऊक होते. पैशाची बेगमी ही त्याच शहाणपणाची पुढची पायरी आहे.

आपल्या भागाचे वर्ष पैशाच्या दृष्टीने विषम आहे. भाताची कापणी व झोडणी होऊन कार्तिक-मार्गशीर्षात पैसा येतो. पुढे लग्ने आणि जत्रा सुरू होतात, तेथे तो जातो. आणि जूनमध्ये बियाणे, खत, शाळेची वह्या-पुस्तके, घराची गळती हे सारे एकदम उभे राहते. आवणी सोडली तर पावसात मजुरीही नसते. म्हणून मोठे कर्ज बहुधा जूनमध्ये निघते. यावर उपाय असा, की भात विकल्याच्या दिवशीच जूनचा हिस्सा वेगळा काढून बँकेत किंवा टपालात ठेवावा. टपाल खात्यात महिना १०० रुपयांपासून आवर्ती ठेव सुरू करता येते. पीककर्ज सावकाराऐवजी गावच्या विकास सोसायटीतून घ्यावे आणि वेळेत भरून व्याजसवलतीचा लाभ घ्यावा.

आजारपण हे कर्जाचे दुसरे मोठे दार. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती आजारी पडण्यापूर्वी घ्यावी, नंतर नव्हे. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये भरून २ लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपये भरून २ लाखांचा जीवन विमा मिळतो. शिक्षणासाठी कर्ज काढण्यापूर्वी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना यांचे अर्ज भरले आहेत का, हे पाहावे. माताभगिनींचे बचतगट हे आपल्या हातातील मोठे साधन आहे. पण नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत हिशेब या पंचसूत्रीतील शेवटचे सूत्र सुटले की पहिली चारही ढासळतात.

प्रतिष्ठेचे कर्ज

आता थोडे कटू लिहिणे भाग आहे, आणि ते आम्हांलाही लागू आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेने आपल्याला हुंडा, मानपान, कर्मकांड यांतून सोडविले. बौद्ध विवाहविधी किती साधा! त्रिसरण, पंचशील, थोडी फुले आणि मेणबत्त्या. तो विधी आजही तेवढाच आहे. वाढला आहे तो मंडप. पत्रिका, आहेर, वरात, ध्वनिवर्धकांच्या भिंती यांसाठी ६०,००० रुपये शेकडा तीनने काढले तर नुसते व्याज महिना १,८०० रुपये, म्हणजे वर्षाला २१,६०० होते. त्या व्याजात एका मुलीचे शिक्षण बसते.

जयंतीचेही तसेच. वर्गणी द्यावी, अभिवादन करावे. पण वर्गणीसाठी कर्ज काढणे बाबासाहेबांना मान्य झाले असते काय? दारूविषयी तर बावीस प्रतिज्ञांनी आणि पाचव्या शीलाने निकाल केव्हाच दिला आहे. एका घराने साधे लग्न केले तर लोक नावे ठेवतात; वस्तीतील दहा घरांनी मिळून ठरविले तर तीच रीत होते. म्हणून हा ठराव घरात नव्हे, विहारात झाला पाहिजे.

कर्ज झालेच असेल तर

प्रथम लपवू नये. किती जणांचे, किती दराने, किती बाकी, हे एका पानावर लिहावे. नंतर सर्वांत चढ्या दराचे कर्ज आधी फेडावे, बाकीच्यांचे किमान हप्ते चालू ठेवावेत. एक हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज काढणे, ही दरीकडे टाकलेली पावले आहेत. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. कोऱ्या कागदावर अंगठा वा सही देऊ नये.

कायदाही जाणून घ्यावा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे, आणि मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. दामदुपटीचा जुना दंडक आज कायद्यात आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. सूक्ष्मकर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ पूर्वी व सायंकाळी ६ नंतर तगादा लावण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. उचलीच्या बदल्यात माणसाला डांबून राबविणे ही वेठबिगारी होय आणि ती १९७६ च्या कायद्याने नष्ट केलेली आहे. अशा वेळी तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे धाव घ्यावी. शाळेलाही कळवावे, वेळीच कळले तर आम्ही बरोबर येऊ.

स्वाध्याय

विद्यार्थी मित्रहो, आता तुमचे काम. येत्या दिवाळीच्या सुट्टीत पुढील चार गोष्टी करावयाच्या आहेत.

१. शंभर पानी एक वही घ्यावी. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. रोज रात्री जेवणानंतर आईवडिलांना विचारून पाच मिनिटे लिहावे. विचारताना सूर चौकशीचा नसावा, मदतीचा असावा.

२. घरात चालू असलेल्या प्रत्येक कर्जाचा मासिक दर विचारून त्याचा वार्षिक दर काढावा आणि तो मोठ्याने वाचून दाखवावा.

३. दुकानाच्या उधारीची नोंद आपल्या वहीतही करावी आणि महिनाअखेर दुकानदाराच्या वहीशी ताडून पाहावी.

४. सुट्टीच्या शेवटी शिल्लक किंवा तूट काढून, एक खर्च कमी करण्याचे आणि जूनसाठी एक रक्कम राखण्याचे घरातील सर्वांनी मिळून ठरवावे.

वहीतले आकडे आम्ही कोणाला दाखविणार नाही, गुणही देणार नाही. एवढीच अपेक्षा आहे, की दुसऱ्या सत्राच्या पहिल्या दिवशी हजेरी घेताना प्रत्येक नावाला उत्तर मिळावे, आणि उत्तर देणाऱ्याच्या हातात ती वही असावी.